पाच घागरी आणि बंब

दरवर्षी १४ एप्रिलपासून २० एप्रिलपर्यंत भारतात सर्वत्र अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. या आठवड्यात शहरांतून आगीच्या बंबांचे संचलन निघते, शाळांतून आणि वसाहतींतून प्रात्यक्षिके होतात आणि कुटुंबांसाठी तयार केलेले एक लहानसे पत्रक वाटले जाते. चूल पेटती ठेवून घराबाहेर जाऊ नये, काडेपेटी मुलांच्या हाती लागू देऊ नये, विजेच्या एकाच खटक्यावर चार उपकरणांचा भार टाकू नये, जिन्यात अडगळ साठवू नये, अशा स्वरूपाच्या दहाबारा सूचना त्यात असतात. दिवाळीच्या तोंडावर असेच दुसरे पत्रक निघते. उत्तरेकडील शहरांत थंडी पडू लागली, की शेगडीसंबंधी तिसरे निघते. कचेरीत आयुष्य काढणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला अशा पत्रकांची भाषा फार परिचयाची असते, आणि ती किती थोड्या लोकांकडून वाचली जातात याचीही त्याला कल्पना असते. बहुतेक घरांत त्या कागदाची पुडी होते.

श्रोतेहो, आज मी आपल्यासमोर या दुर्लक्षित कागदाचा इतिहास ठेवणार आहे. हा कागद दिसतो तितका अर्वाचीन नाही. ऋतू पाहून प्रजेला विस्तवाविषयी सावध करणे हे आपल्या देशातील राज्यसंस्थेच्या फार जुन्या कर्तव्यांपैकी एक आहे. दोन हजार वर्षांहून अधिक काळात घरे बदलली, इंधने बदलली, राज्ये तर कितीतरी बदलली. परंतु राज्यकर्ता कुटुंबाला जे सांगत आला त्यातील गाभा फारसा बदललेला नाही. आग विझविण्याची खरी वेळ पहिल्या काही मिनिटांची असते, आणि ती मिनिटे सरकारच्या हाती नसून घरातल्या माणसांच्या आणि शेजाऱ्यांच्या हाती असतात, असा तो गाभा आहे. याचे विस्मरण ज्या ज्या वेळी झाले त्या त्या वेळी काय घडले, हेही इतिहासात नोंदलेले आहे.

प्रारंभ पाटलिपुत्रापासून करणे योग्य होईल. मेगॅस्थिनीस या ग्रीक वकिलाने पाटलिपुत्राभोवती लाकडी तट असल्याचे लिहून ठेवले आहे, आणि पाटण्याजवळ बुलंदीबाग येथील उत्खननात त्या लाकडी तटाचे अवशेष सापडले आहेत. लाकडाच्या नगरीला सर्वांत मोठे भय कशाचे असणार हे उघड आहे. बौद्ध परंपरेत अशी कथा आहे, की हे नगर उभारले जात असता भगवान बुद्धांनी त्याच्या भावी वैभवाबरोबर त्याच्यावरील तीन संकटांचेही भाकीत केले होते. पहिले संकट अग्नीचे, दुसरे पाण्याचे आणि तिसरे आपसातील फुटीचे. अग्नी आणि फूट ही दोन संकटे एकत्र आली म्हणजे काय होते ते आपण पुढे पाहणार आहोत.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराच्या कारभारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. म्हैसूरच्या आर. शामशास्त्री यांनी १९०९ साली हा ग्रंथ प्रथम छापून प्रसिद्ध केला, आणि पुढे प्राध्यापक र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठातर्फे त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. ग्रंथाच्या रचनाकालाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु त्यातील आगीसंबंधीचे नियम वाचताना आपण जणू आजच्या अग्निशमन दलाचेच पत्रक वाचीत आहोत असा भास होतो. पहिला नियम ऋतूचा आहे. उन्हाळ्यात दिवसाचे चार भाग कल्पून त्यांपैकी मधल्या दोन भागांत घरात विस्तव पेटवू नये. स्वयंपाक करणे भागच असेल तर तो घराबाहेर करावा. नियम मोडणाऱ्याला एक अष्टमांश पण इतका दंड सांगितला आहे. दुपारचे ऊन, वाळलेले गवती छप्पर आणि वारा यांचा संयोग ज्याने पाहिला आहे त्याला या नियमाचे कारण सांगावे लागत नाही.

दुसरा नियम साधनांचा आहे. प्रत्येक गृहस्थाने आपल्या घरी पाण्याच्या पाच घागरी भरून ठेवाव्या. त्यांच्याबरोबर रांजण, पाण्याची डोणी, शिडी, कुऱ्हाड, सूप, अंकुश, छपराचे गवत ओढून काढण्याचे आकडे आणि पाण्याची पखालही असावी. ही साधने न ठेवणाऱ्याला पाव पण दंड आहे. या यादीकडे बारकाईने पाहिले म्हणजे तिच्यामागील विचार लक्षात येतो. घागर विझविण्यासाठी आहे. शिडी छपरावर चढण्यासाठी आहे. आकडा आणि कुऱ्हाड ही आगीचे भक्ष्य तोडून बाजूला करण्यासाठी आहेत. आगीला पाणी मारणे आणि आगीपुढील जळाऊ वस्तू हलविणे या दोन्ही गोष्टी अग्निशमनशास्त्र आजही शिकविते.

तिसरा नियम वस्तीच्या रचनेचा आहे. गवताची व चटयांची छपरे काढून टाकावी. ज्यांचा धंदा विस्तवावर चालतो अशा कारागिरांना एका जागी वसवावे. रस्त्यांवर, चवाठ्यांवर आणि वेशींपाशी पाण्याची भांडी हजारोंनी ओळीने ठेवावी. रात्री घरमालकाने आपल्या दारापाशीच असावे. परंतु या सर्वांत मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो चौथा नियम. आग लागलेली पाहून जो घरमालक विझवायला धावत नाही त्याला बारा पण दंड, आणि भाडेकरूला सहा पण. घागरी न ठेवण्याचा दंड पाव पण आणि मदतीला न धावण्याचा बारा पण, म्हणजे अठ्ठेचाळीस पट! कौटिल्याच्या हिशेबात साधनांच्या अभावापेक्षा शेजारधर्माचा अभाव इतका भारी आहे. निष्काळजीपणाने आग लावणाऱ्याला चोपन्न पण दंड आहे, आणि जाणूनबुजून लावणाऱ्याला अग्नीनेच मृत्युदंड आहे.

कौटिल्याची दृष्टी दंडाची आहे. त्याच विषयावर समजुतीच्या भाषेत लिहिलेला एक अपूर्व कागद मराठीत आहे, आणि तो शिवछत्रपतींच्या दप्तरातून निघालेला आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणच्या परिसरात घोडदळाची छावणी पडली होती. पावसाळा तोंडावर आला होता. तेथील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना पाठविलेले हे पत्र इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी उजेडात आणले. रयतेला काडीचाही त्रास देऊ नये, या त्यातील आशयासाठी ते महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. पण या पत्राचा उत्तरार्ध सर्वस्वी आगीविषयी आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात राहिलेली नाही.

वैशाखातील कोकण डोळ्यांपुढे आणावे. पावसाळाभर घोड्यांना पुरावे म्हणून गवताच्या गंजी रचलेल्या आहेत. माणसांसाठी आणि जनावरांसाठी लाकडाचे खण उभारलेले आहेत. सर्व काही कडकडीत वाळलेले आहे. अशा वेळी कोणी गवत पडले आहे हे ध्यानी न घेता भलत्याच जागी चूल मांडील, कोणी शेकोटी करील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, आणि क्षणात अनर्थ होईल. एका खणाला आग लागली की सगळे खण जातील आणि एका गंजीवर ठिणगी पडली की सगळ्या गंजी जातील, असे पत्रात बजावले आहे. रात्री घरात दिवा जळत राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल, इतकी बारीक सूचनाही त्यात आहे. राज्याभिषेकाच्या धामधुमीचे ते दिवस. राजाच्या चित्तात दिव्याची वात आणि उंदीर यांना जागा असावी, हे वाचून आपण थक्क होतो. तेलाच्या दिव्यावर ज्या घरांनी पिढ्यानपिढ्या रात्री काढल्या त्यांना ही सूचना पोरकट वाटली नसती.

या पत्रातील खरी मर्माची जागा मात्र पुढे आहे. आग लागून गेल्यावर अपराध्यांना कितीही कठोर शिक्षा केली, अगदी माना मारल्या, तरी त्यामुळे खण उभारायला एक लाकूडही परत मिळणार नाही, असा त्यातील युक्तिवाद आहे. म्हणून जबाबदार माणसांनी स्वतः फिरून, स्वयंपाकाच्या आणि शेकोटीच्या जागा डोळ्यांखाली घालून आग लागूच नये असे करावे. खण आणि गवत वाचले तर पावसाळ्यात घोडी वाचली. शिक्षेने चोरीचा माल एखादे वेळी परत येतो. जळलेले परत येत नाही. दंडावर भर देणाऱ्या शास्त्राला या एका विचाराने दिलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते. अग्निशमन दलाचे आजचे पत्रक दंडाची धमकी न देता कारणे समजावून सांगते, ते या पत्राच्या कुळातले आहे.

आता आपण त्या काळाकडे येऊ, ज्या काळात शहरे वाढली, जुने नगरनियम विस्मृतीत गेले आणि नवी व्यवस्था अजून उभी राहिली नव्हती. एकोणिसाव्या शतकाचा पूर्वार्ध हा पश्चिम भारतातील मोठ्या आगींचा काळ आहे. १७ फेब्रुवारी १८०३ रोजी मुंबईच्या कोटात आग लागली. तेव्हा मुंबई बहुतांशी कोटाच्या आत दाटीवाटीने वसलेली होती. लाकडी मजले, अरुंद गल्ल्या आणि व्यापारी माल यांमुळे आगीला आयते इंधन मिळाले. वस्तीचा मोठा भाग भस्मसात झाला. या आपत्तीतून पुढे शहराचा नकाशाच बदलला. बेघर झालेल्या लोकांनी कोटाबाहेर वसावे असा प्रयत्न सरकारने केला, आणि कोटाच्या उत्तरेकडील देशी लोकांची वस्ती त्यानंतर झपाट्याने वाढली. पुण्यात १८२८ च्या फेब्रुवारीत शनिवारवाड्याला आग लागली आणि पेशवाईच्या वैभवाचे ते मुख्य स्थान दगडी जोते, तट आणि दरवाजे एवढ्यावर आले.

पण या सर्वांत उद्बोधक आणि दुःखद कथा सुरतेची आहे. २४ एप्रिल १८३७ चा दिवस, वेळ दुपार कलण्याची. मच्छलीपीठ या भागात एका प्रतिष्ठित पारशी गृहस्थाच्या घरी उकळत्या राळेचे भांडे कलंडले आणि लाकूडकामाने पेट घेतला. घरातील माणसे पाण्यासाठी धावली. शेजाऱ्यांनी आपल्या विहिरीचे पाणी काढू दिले नाही, असे त्या आगीच्या वृत्तांतात नमूद आहे. बस्स, एवढेच घडले. थोड्याच वेळात एप्रिलच्या वाऱ्याने आग उचलली आणि ती गल्लीमागून गल्ली घेत गेली. रात्री तिचा उजेड कित्येक कोसांवरून दिसत होता. तीन दिवस सुरत जळत होती. पाचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि नऊ हजारांहून अधिक घरे नष्ट झाली. त्याच वर्षी तापीच्या पुराने उरलेल्या शहराला गाठले. मक्केचा दरवाजा म्हणून गाजलेले, शिवछत्रपतींच्या स्वाऱ्यांतूनही सावरलेले ते बंदर. आधीच मुंबईपुढे मागे पडत चाललेल्या त्याच्या व्यापाराला या दुहेरी आघाताने फार मोठा धक्का बसला.

पाटलिपुत्राविषयीच्या त्या भाकितातील अग्नी, पाणी आणि फूट ही तिन्ही संकटे सुरतेत एकाच वर्षी एकत्र आली असे म्हणावयास हरकत नाही. शेजाऱ्यांनी नकार का दिला हे शोधीत बसण्याचे कारण नाही. माणूस अशा क्षणी आपल्या पाण्याचा, आपल्या घराचा, आपल्या जुन्या भांडणाचा विचार करतो. बारा पणांचा तो प्राचीन दंड अशाच माणसासाठी होता. ज्याने विहीर राखली त्याला आपले घर राखता आले असेल, असे त्या वाऱ्यात संभवत नाही.

अशा आपत्तींतूनच शहरांना कायमच्या अग्निशमन दलाची गरज पटली. मुंबईत प्रथम हे काम पोलिसांकडे होते. १८५५ च्या सुमारास घोड्यांनी ओढावयाचे बंब आले, आणि १ एप्रिल १८८७ पासून दलाची जबाबदारी नगरपालिकेकडे गेली. १८९० साली लंडनच्या दलातील एका अनुभवी अधिकाऱ्याकडे त्याची सूत्रे देण्यात आली. १९०७ साली मोटारीवर चालणारा पहिला बंब आला. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मा. गो. प्रधान हे त्या दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले.

या यंत्रासाठी मराठीने स्वीकारलेला 'बंब' हा शब्द मोठा मनोरंजक आहे. पाणी उपसण्याच्या यंत्राला पोर्तुगीज भाषेत 'बोंबा' म्हणतात. तो शब्द गोव्याच्या आणि कोकणच्या वाटेने मराठीत आला आणि 'बंब' झाला. गंमत अशी, की आपल्या घरांतील न्हाणीघरात पाणी तापविण्यासाठी जे तांब्याचे उंच भांडे असे, ज्याच्या पोटात निखारे आणि भोवती पाणी, त्यालाही आपण बंबच म्हटले. विझविणारा तोही बंब आणि घरात विस्तव बाळगणारा तोही बंब. एका अर्थी आपल्या विषयाचे सार या एका शब्दात आलेले आहे. विस्तवावाचून कुटुंब चालत नाही, आणि ज्या घरात विस्तव आहे तेथे तो राखण्याची विद्याही असावी लागते.

बंब आला, आणि त्याच्याबरोबर एक चुकीची समजूतही आली. आग विझविणे हे आता पगारी माणसांचे काम झाले, आपले काम फक्त त्यांना बोलावण्याचे, असे नागरिकांना वाटू लागले. या समजुतीची मर्यादा किती, हे १४ एप्रिल १९४४ च्या दिवसाने दाखवून दिले. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचे जहाज उभे होते. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटक द्रव्ये होती, आणि कराचीहून घेतलेल्या कापसाच्या हजारो गाठी होत्या. कापूस आणि दारूगोळा यांचा शेजार किती घातक, हे वेगळे सांगायला नको. दुपारी जहाजात धूर दिसला. दलाचे जवान धावले आणि दोन तासांच्या सुमारास पाणी मारीत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला प्रचंड स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसे मेली. गोदीभोवतीच्या वस्तीवर जळता कापूस आणि तापलेले लोखंड कोसळले. आणि अग्निशमन दलाचे सहासष्ट जवान कर्तव्यावर असताना प्राणास मुकले. एप्रिलमधील सप्ताह पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ. म्हणून ते पत्रक हाती येते तेव्हा त्याच्यामागे सहासष्ट माणसांचे बलिदान आहे, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे. ती माणसे जहाजाकडे धावली तेव्हा जे वाचविता आले असते त्याची वेळ बहुधा आधीच निघून गेली होती. काय कशाशेजारी ठेवावे, हा निर्णय आग लागण्यापूर्वी करावयाचा असतो. गोदीला जे लागू आहे तेच स्वयंपाकघरालाही लागू आहे.

आता घरातील विस्तवाचे रूप कसे बदलत गेले ते पाहू. चुलीच्या जागी रॉकेलचा स्टोव्ह आला. पंप मारून पेटवावयाच्या त्या स्टोव्हने मध्यमवर्गीय गृहिणीची धुरातून सुटका केली. पण त्याच्या भडक्याने किती स्त्रिया भाजल्या याची आठवण जुन्या पिढीला आहे. 'स्टोव्हचा भडका' या दोन शब्दांआड काही घरांनी आपले पापही दडविले, ही लाजिरवाणी गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९८३ आणि १९८६ साली फौजदारी कायद्यात विवाहितांच्या छळाविषयी आणि हुंडाबळीविषयी कलमे घालावी लागली ती यामुळेही. कुटुंबाला सूचना द्यावी तर कुटुंबात एकमेकांविषयी माया आहे हे गृहीत धरावे लागते. जेथे ती नाही तेथे कोणतेच पत्रक पुरे पडत नाही.

स्टोव्हनंतर सिलिंडरचा गॅस आला. मुंबईत तो १९५० नंतरच्या दशकात दिसू लागला, आणि २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने तो खेड्यापाड्यांतील लक्षावधी घरांत पोचविला. धूर गेला हा मोठाच लाभ झाला. पण चुलीचा धोका डोळ्यांना दिसतो, गॅसचा दिसत नाही. या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो. म्हणून वास येताच रेग्युलेटर बंद करावा, दारेखिडक्या उघडाव्या आणि विजेच्या कोणत्याही बटणाला हात लावू नये, बंद करण्यासाठीसुद्धा नाही. पंखा लावून वास घालविण्याचा मोह अनेक घरांना महाग पडतो, कारण बटणातील लहानशी ठिणगी तेवढ्यास पुरे असते. हे कारण एकदा समजले म्हणजे सूचना पाठ करावी लागत नाही.

ऋतूंचा धोकाही आता नव्या रूपाने येतो. पूर्वी उन्हाळ्याचे भय गवती छपराचे होते. शहरात आज ते तारांचे आहे. शीतयंत्र, शीतकपाट आणि पंखे एकाच वेळी चालू लागतात, जुन्या तारा तापतात, आणि आग भिंतीच्या आत सुरू होते. दिवाळीत पूर्वी मुले सुती कपड्यांत फटाके उडवीत. आज हौसेने घातलेले कृत्रिम धाग्यांचे कपडे पेट घेताच वितळून कातडीला चिकटतात. दिल्ली, ग्वाल्हेर, इंदूर येथील आपल्या श्रोत्यांना थंडीतल्या शेगडीची सवय असेल. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणाऱ्याला ज्वाळा गाठीत नाहीत. वास आणि रंग नसलेला कार्बन मोनॉक्साइड वायू झोपेतच त्याचा घात करतो.

जुने भय सर्वस्वी गेले असेही मात्र समजू नये. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातील डबवाली येथे शाळेच्या बक्षीस समारंभात कृत्रिम कापडाचा बंदिस्त मांडव पेटला. बाहेर पडण्याची वाट अपुरी होती, आणि चारशेहून अधिक माणसे, त्यांत बहुसंख्य मुले आणि स्त्रिया, काही मिनिटांत दगावली. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातील विस्तव गवती छपराला लागला आणि चौऱ्याण्णव मुले गेली. गवताची छपरे काढून टाकावी आणि चूल घराबाहेर मांडावी, हे सांगून दोन हजार वर्षे होत आली होती. आपल्याला नियमांची उणीव कधीच नव्हती. १९७० साली राष्ट्रीय बांधकाम संहिता आली. २००६ साली महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम झाला. शासनाने तपासणी करावी, दोषींना शिक्षा द्यावी, यात मुळीच कसूर होता कामा नये. मी स्वतः शासनाचा सेवक असल्यामुळे ही जबाबदारी टाळण्याचा माझा हेतू नाही. पण शिक्षा झाली तरी जळालेले परत येत नाही, हे चिपळूणच्या त्या पत्रातील वचन कुंभकोणमच्या मातापित्यांना जितके कळले असेल तितके दुसऱ्या कोणाला कळले नसेल.

मग आजच्या कुटुंबाच्या पाच घागरी कोणत्या? ज्याच्या त्याच्या घराप्रमाणे त्या निराळ्या असतील. तरी स्थूलमानाने सांगता येतील. पहिली घागर खऱ्याखुऱ्या पाण्याची आणि तिच्या शेजारी वाळूची बादली. दिवाळीत अंगणात आणि एरवी जिन्याशी. दुसरी म्हणजे मोकळी वाट. जिना आणि दार यांवर अडगळ नसावी. रात्री दाराची किल्ली कोठे असते हे घरातील लहान मुलालाही ठाऊक असावे. घरमालकाने रात्री दारापाशी असावे या जुन्या नियमाचा आजचा अर्थ एवढाच आहे. तिसरी म्हणजे जाणीव: कढईतील तेल पेटले तर त्यावर पाणी टाकू नये, झाकण घालून गॅस बंद करावा, कपड्यांनी पेट घेतला तर पळू नये, जमिनीवर लोळावे, धूर झाला तर खाली वाकून, जमिनीलगत सरकत बाहेर पडावे आणि उद्वाहकाचा उपयोग करू नये, भाजलेल्या जागेवर शाई, लोणी, बर्फ काही न लावता निदान वीस मिनिटे गार वाहते पाणी सोडावे. चौथी म्हणजे १०१ हा क्रमांक, आणि आता बहुतेक राज्यांत चालणारा ११२. तो सर्वांना पाठ असावा आणि आपल्या घराचा पत्ता नीट सांगता यावा, कारण पत्ता न कळल्यामुळे बंबाचा वेळ गल्लीबोळांत जातो. बंबाच्या वाटेत आपली मोटार उभी नसावी, हेही त्यातच आले.

पाचवी घागर शेजाऱ्याची. शहरातील सदनिकांत आपण एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहतो आणि पुष्कळदा एकमेकांची नावेही जाणत नाही. पलीकडच्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे का, दिवसा मुले एकटी असतात का, हे ज्याला ठाऊक आहे तोच आगीच्या वेळी बंबवाल्यांना नेमके दार दाखवू शकेल. मच्छलीपीठेतील विहिरीजवळ त्या संध्याकाळी पाण्याचा तुटवडा नव्हता. तुटवडा होता तो दोर सोडू देणाऱ्या माणसाचा.

तेव्हा या वर्षी ते पत्रक हाती आले तर त्याची पुडी करण्यापूर्वी घरातील सर्वांना जमवून ते एकदा मोठ्याने वाचावे आणि मग शेजारच्या घरी द्यावे. सूचना नीरस असतील, भाषा कचेरीची असेल; पण तिच्यामागे पाटलिपुत्राचा नगराधिकारी आहे, चिपळूणच्या गंजींची काळजी वाहणारा राजा आहे आणि गोदीत पाणी मारता मारता गेलेले सहासष्ट जवान आहेत. त्यांपैकी कोणालाही आपल्या घरातली पहिली पाच मिनिटे आपल्या वतीने सांभाळता येणार नाहीत. ती आपली आपणच सांभाळावयाची आहेत.